हक्काचं माणूस: कोकणातल्या कॅथलिक हायस्कुलात मुलांना सांभाळताना

वर्षातून एकदा बाहेरचा वक्ता बोलावून ताणतणावावर दोन तासांचं व्याख्यान ठेवलं की मुलांच्या मनाचं काम झालं, असं पुष्कळ शाळांत धरून चालतात. व्याख्यानात वाईट काही नाही. पण ज्या मुलाला त्याची खरी गरज असते, तो त्या दिवशी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेला असतो किंवा शाळेत आलेलाच नसतो. मुलाला तगवून धरतं ते शाळेतलं एक हक्काचं माणूस. आपण दिसलो नाही तर ज्याला चुकल्यासारखं होईल, असं. फादर, सिस्टर, वर्गशिक्षक, क्लार्क, शिपाईमामा, कुणीही चालेल. पटावरच्या एकूण एक नावाला असं माणूस आहे का, एवढं एक नीट बघितलं तर बाकीची कामं सोपी होतात.

पुढच्या सूचना सिंधुदुर्गापासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. वसईत वर्गात ख्रिस्ती मुलं बरीच असतील. सावंतवाडी, मालवण, रत्नागिरीकडे बहुतेक मुलं हिंदू, काही मुसलमान. शाळा चर्चची असली तरी पट सगळ्या गावाचा असतो, ही गोष्ट प्रत्येक निर्णयात ध्यानात ठेवावी लागते.

पट भिंतीवर लावा

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. पहिले तीन आठवडे नवीन मुलं रुळू द्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका शनिवारी, मुलं घरी गेल्यावर, ही बैठक घ्या. दीड तास पुरतो.

प्रत्येक तुकडीची नावं मोठ्या अक्षरांत एकेका कागदावर छापा, नावापुढे रिकामी जागा सोडा आणि कागद शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावा. मग शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, वसतिगृहाच्या सिस्टर, सगळ्यांनी पेन्सिल घेऊन फिरायचं. ज्या मुलाविषयी गुणांपलीकडच्या दोन गोष्टी माहीत आहेत (घरात कोण असतं, कशाने येतो, काय आवडतं), त्याच्या नावापुढे आपली खूण करायची. नुसता चेहरा ओळखीचा असेल तर खूण करायची नाही. इथे सूट दिली तर सगळा खटाटोप फुकट.

पाऊण तासाने कागद बघा. पहिल्या पाचांतली आणि दंगेखोर मुलं खुणांनी भरलेली असतात. कोरी राहतात ती मधली: साठ टक्केवाली, शांत, गृहपाठ वेळेत देणारी. आणि हमखास कोरी राहतात ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी करून थेट आठवीत आलेली मुलं. पाचवीपासून एकत्र असलेल्या वर्गात ती उपरी असतात आणि वर्गशिक्षकाला तीन आठवड्यांत त्यांची फक्त आडनावं पाठ झालेली असतात.

ही कोरी नावं तिथल्या तिथे वाटून घ्या. एका माणसाकडे पाच ते आठ, त्याहून जास्त नकोत. मुलाला यातलं काही सांगायचं नाही. करायचं एवढंच की आठवड्यातून दोनदा नावाने हाक मारून दोन मिनिटं बोलायचं. 'काही प्रॉब्लेम आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही सर' हेच येणार. त्यापेक्षा 'कालच्या पावसात साकव पाण्याखाली गेला होता काय रे?' असं विचारा, मूल आपणहून बोलायला लागतं.

हे फसतं ते तीन ठिकाणी. कागद भिंतीवर राहतात आणि सोमवारी वह्या ठेवायला आलेल्या मुलांना दिसतात; म्हणून त्याच दिवशी काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. दुसरं, शिक्षक आपल्याला आवडणारीच मुलं घेतात. म्हणून वाटप मुख्याध्यापकांनी करावं. तिसरं आणि सगळ्यात नेहमीचं, गणपतीनंतर सगळे विसरतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी तीच बैठक पुन्हा घ्यायची, तारीख जुलैतच ठरवून ठेवायची.

गैरहजेरी हाच पहिला निरोप

आजारी मन आधी हजेरीपटावर दिसतं. सलग दोन दिवस गैरहजर असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत घरी फोन गेला पाहिजे. फोनवर जाब विचारायचा नाही. आई घरी मालवणी बोलत असेल तर मालवणीतच बोला: 'काकी, तुमचो झील दोन दिस दिसलो नाय. बरो आसा मा?' (तुमचा मुलगा दोन दिवस दिसला नाही, बरा आहे ना?) एवढ्या एका वाक्याने पुढचं संभाषण मोकळं होतं. 'का आला नाही?' म्हटलं की पोटदुखीचं ठरलेलं कारण ऐकायला मिळतं.

गैरहजेरीचा प्रकार नोंदवा: एसटी आली नाही, पाऊस, घरकाम, बागेतलं काम, आजार, कारण नाही. 'कारण नाही' महिन्यात तीनदा आलं किंवा दर सोमवारी आलं तर त्या मुलाच्या माणसाने स्वतः घरी जावं. जाताना गणवेशात किंवा झग्यात घोळक्याने जाऊ नये. शेजारी बघतात आणि वाडीत चर्चा होते.

उशिरा येणाऱ्याला पावसाळ्यात दाराबाहेर उभं करू नका. पहिली गाडी चुकली तर दुसरी तासाने असते, हा त्याचा गुन्हा नाही. जुने गणवेश आणि टॉवेल माजी विद्यार्थ्यांकडून मागून घ्या, प्रत्येक मापाचे दोन-तीन जोड पुरतात. भिजलेलं मूल पहिले दोन तास कुडकुडत काढतं आणि त्या दोन तासांत त्याला गणित शिरत नाही.

एसटीचे गट

ग्रीन हाऊस, रेड हाऊस अशी वाटणी स्पर्धांपुरती ठीक. मुलांचं खरं मैत्र रस्त्यावर जुळतं. एकाच गाडीने किंवा एकाच तरीने (होडीने) येणाऱ्या पाचवी ते दहावीच्या मुलांचा एक गट करा, गटाला नववीतले दोन जण प्रमुख नेमा, एक मुलगी आणि एक मुलगा. दहावीतले नकोत, जानेवारीनंतर त्यांना सवड नसते. प्रमुखांची कामं तीनच: पाचवीतलं आणि आठवीत नवीन आलेलं मूल एकटं बसत नाही ना हे बघणं, खाडीला पाणी चढलं तर शाळेत फोन करणं, आणि गाडीत कुणी त्रास देत असेल तर ठरलेल्या शिक्षकाला सांगणं. भांडण सोडवणं हे त्यांचं काम नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. पंधरवड्यातून एकदा गटाने एकत्र डबा खायचा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो; कुणाचा अर्ज राहिलाय का, हेही गटातूनच कळतं.

प्रार्थना, शांतता आणि पापनिवेदन

घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलासाठी पालकांची संमती लागते. म्हणून ख्रिस्ती मुलांचं धर्मशिक्षण आणि इतरांचं मूल्यशिक्षण एकाच तासिकेला ठेवतात. घोळ होतो तो इथे: धर्मशिक्षणाला तयारीने आलेल्या सिस्टर असतात आणि मूल्यशिक्षणाला 'कोण रिकामं आहे' ते शिक्षक. पोरं समजतात. त्या तासालाही पक्का शिक्षक आणि वर्षाची आखणी द्या.

सगळ्यांना एकत्र आणणारी एक जुनी रीत चर्चकडेच आहे. संत इग्नाशिअस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाअखेर मनाचा आढावा घ्यायला शिकवलं. ती रीत शेवटच्या तासिकेच्या शेवटच्या चार मिनिटांत कुठल्याही धर्माच्या मुलाला करता येते. पहिलं मिनिट श्वासाकडे लक्ष. दुसरं, आज काय चांगलं झालं. तिसरं, आज काय टोचलं, कुणाला आपलं टोचलं. चौथं, उद्या एक गोष्ट वेगळी कोणती. मोठ्याने काही बोलायला लावू नका, वहीत लिहून तपासूही नका. डोळे मिटण्याची सक्ती नको. घरात मारहाण बघितलेल्या मुलाला डोळे मिटून शांत बसणं जड जातं, त्याला कागदावर रेघोट्या ओढू द्या. वर्गात हसू फुटेल, पहिले दोन आठवडे फुटतंच. रागावू नका, चालू ठेवा.

पापनिवेदनाबाबत (धर्मगुरूजवळ आपली पापं कबूल करण्याच्या विधीबाबत) काटेकोर राहा. त्याची गुप्तता पूर्ण असते, धर्मगुरू ती कुठल्याही कारणाने मोडू शकत नाही (चर्चच्या कायद्याचा नियम ९८३). नियम ९८५ सांगतो की शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने (प्रमुखाने) त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन ऐकू नये. एखाद्याने आपल्या मनाने खास मागितलं तरच. म्हणजे बोर्डिंगचे प्रमुख फादर बोर्डिंगच्या मुलांसाठी बाहेरचे धर्मगुरू बोलावतील हे योग्य. मुलाच्या मनात 'इथे बोललो तर शिक्षा होईल' अशी शंका राहता कामा नये. समुपदेशनाची जागा आणि पापनिवेदनाची जागाही वेगळी ठेवा, नाहीतर हिंदू-मुसलमान मुलं समुपदेशनाच्या खोलीकडे फिरकणार नाहीत.

मूल बोलायला आलं तर

जागा मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरची हवी, दाराला काच असलेली. पीटीच्या तासाला बोलावू नका. काही मुलांचा तोच एक आवडीचा तास असतो. बोलणं सुरू होण्याआधी सांगा: 'तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ती मी तुला सांगून घेईन.' हे आधी न सांगता नंतर पालकांना कळवलं तर ते मूल पुन्हा कुणाशीच बोलत नाही.

मरणाची भाषा आली तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलाचा जीव भांड्यात पडतो. 'होय' म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, पालकांना बोलावून घ्या, आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा. ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. पालकांना घरी पाठवताना एक गोष्ट बजावून सांगा: आंबा-काजूच्या फवारणीचं औषध आणि घरातल्या गोळ्या आजच कुलपात ठेवायच्या, किल्ली मोठ्या माणसाकडे. बागायतदाराच्या घरात हे औषध पडवीत उघड्यावर असतं. संकटाची ती घटका टळली तर बहुतेक मुलं सावरतात.

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांची ओपीडी कुठल्या वारी असते, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कधी बसतात, हे जूनमध्येच विचारून कागदावर लिहून ठेवा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण पालक त्या नावाला बिचकतात. सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून केली तर ते तयार होतात. उपचार घेऊन परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी गेटवर त्याचं माणूस भेटलं पाहिजे, आणि बुडालेल्या अभ्यासातलं काय सोडायचं ते ठरलेलं असलं पाहिजे.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेने स्वतः चौकशी करायची नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. आरोप शिक्षकावर असो, फादरवर असो की बड्या पालकावर, मार्ग हाच. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, मालवणीत असेल तर मालवणीत, तारीख-वेळ घालून लिहा आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा फोन क्रमांक १०९८. संस्थेचं नाव जाईल म्हणून आधी व्यवस्थापनाची बैठक बोलावणं हा सगळ्यात मोठा घात आहे. त्या दोन दिवसांत मुलावर दबाव येतो.

सखी सावित्री समितीचे (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीचे) सदस्य कोण, ते फळ्यावर लिहा. तक्रारपेटी गेटजवळ लावू नका, तिथे सगळ्यांचं लक्ष असतं. स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा आणि दर आठवड्याला दोघांनी मिळून उघडा. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, पाणी, पॅड आणि झाकणाची बादली रोज तपासा. कडी मोडलेली असली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

पोट

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत गेलेलं मूल काल रांगेत होतं, आज नाही, आणि सकाळच्या पहिल्या गाडीला चहा-बटरवर निघालेलं असतं. अकराच्या सुमारास चिडचीड, डोकेदुखी, भांडणं वाढतात त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

धर्मग्रामातल्या (चर्चच्या हद्दीतल्या) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या मंडळाला, किंवा महिला मंडळाला सांगून नववी-दहावीसाठी मधल्या सुट्टीत चणे-गूळ ठेवा. मुलामागे ५० ग्रॅम कोरडे चणे आणि १० ग्रॅम गूळ, म्हणजे ३० मुलांना दीड किलो चणे आणि ३०० ग्रॅम गूळ. चणे आदल्या संध्याकाळी भिजत घालून सकाळी मिठात शिजवायचे. पावसाळ्यात उकड्या तांदळाची गरम पेज आणि लोणचं जास्त खपतं. गरिबांची यादी करून वाटलंत तर ज्याला हवं तो येणार नाही. टेबलावर उघडं ठेवा, शिक्षकांनीही तिथलंच खावं.

शाळेत लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा असते (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड). उपाशीपोटी दिली की मळमळतं, दोघी-तिघींना उलटी होते आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या गोळ्या बाकाखाली सापडतात. डबा खाल्ल्यावर द्या, आणि शौच काळी होते त्याला घाबरायचं नाही हे आधीच सांगा.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. चर्चच्या नियमाप्रमाणे (१२५२) मांसवर्ज्य १४ वर्षं पुरी झाल्यावर आणि उपवास १८ नंतर. शाळेतल्या मुलांवर उपाशी राहण्याचं बंधनच नाही, आणि हा काळ नेमका दहावीच्या परीक्षेत येतो. एखादी मुलगी उपवासाच्या नावाखाली आठवडेच्या आठवडे जेवण टाळत असेल तर ते भक्तीचं लक्षण धरू नका, तिच्याशी बोला. श्रावणातले उपास आणि रोजे करणाऱ्या मुलांना त्या दिवशी पीटीत धावायला लावू नका.

गावाच्या कॅलेंडरवर शाळेचं कॅलेंडर ठेवा

यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. कोळी आणि गाबीत घरांत हे दोन महिने पैशाची ओढ असते, आणि नेमक्या याच वेळी शाळा वह्या, गणवेश, सहलीचे पैसे मागते. त्या घरांना सप्टेंबरपर्यंत मुदत द्या, वर्गात नावं पुकारू नका. ऑगस्टमध्ये बाप दर्यावर गेला की मोठ्या मुलावर घर येतं. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी त्या मुलाचं लक्ष फळ्यावर नसणार. त्याला ऑफिसमधून घरी एक फोन करू द्या.

गणपतीत वर्ग रिकामे होतात, परतल्यावर लगेच चाचणी लावू नका. ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्मदिनाचा सण, चर्चमध्ये नव्या भाताची कणसं आशीर्वादित होतात. सण जवळ आल्यावर मुलांनी एकमेकांच्या घरी जाण्याची चाल असेल तर तिला शाळेने पाठबळ द्यावं. नाताळची गव्हाण (येशूजन्माचा देखावा) आणि नक्षत्र सगळ्या वर्गांनी मिळून करावं, बक्षीस न ठेवता. नाताळच्या दिवसांत बाप आखातात किंवा जहाजावर असलेल्या मुलांकडे जरा लक्ष द्या, उत्सवाच्या गर्दीत ती गप्प होतात.

मासळीच्या वासावरून, मालवणीवरून, आडनावावरून चिडवणं हे इथलं ठरलेलं विष आहे. वर्गासमोर माफी मागायला लावून हात मिळवायला लावलं की चिडवणं थांबत नाही, एसटी स्टँडवर सरकतं. दोघांना वेगवेगळं ऐका, ज्याला लागलं त्याला काय हवंय ते विचारा, मग तो तयार असेल तरच समोरासमोर बसवा. पंधरा दिवसांनी त्याच मुलाला एकट्याला पुन्हा विचारा.

निकालाचा दिवस

कोकण मंडळाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात वर असतो, आणि त्याचं ओझं नापास झालेल्या मुलावर दुप्पट पडतं. वर्गात एकच नापास असला तर त्याला लपायला जागा नसते. निकालाच्या आदल्या दिवशी धोक्यातली नावं काढा आणि प्रत्येकाचं हक्काचं माणूस कोण ते पक्कं करा. निकाल ऑनलाइन लागला की अर्ध्या तासात त्या माणसाने स्वतः फोन करावा, उचलला नाही तर शेजारी करावा, तरीही नाही तर दुचाकी काढावी. पहिलं वाक्य गुणांचं नको. 'कुठे आहेस? मी येतोय' एवढं पुरे. गुणवंतांचे फोटो शाळेच्या ग्रुपवर त्या दिवशी टाकू नका, दोन दिवसांनी टाका.

संध्याकाळी पालकांसमोर दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते, आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. फॉर्मची तारीख लिहा, शुल्क लिहा, आणि शुल्क कोण भरणार तेही विचारून घ्या. घरी पैसे नसले तर फॉर्म तारखेआधी शाळेतूनच भरून टाका.